एअर पिस्तूल की पॉइंट टू टू? चाळिशीनंतरची माझी निवड

पिस्तूल नेमबाजीत इतके प्रकार असतात हे मला कळलं ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमुळे. मनू भाकरने दोन कांस्य पदकं मिळवली ती १० मीटरवर, एअर पिस्तुलात. एक एकटीने, एक सरबज्योत सिंगबरोबर. तिसरं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली, ते मात्र २५ मीटरवर. पिस्तूल वेगळं, टार्गेट वेगळं, आवाजही वेगळा. ती फायनल बघता बघता मी ठरवलं की आपण हे शिकायचं. वय बेचाळीस, बँकेत नोकरी, राहायला पुण्यात. मैदानी खेळ दहावीनंतर सुटले ते सुटलेच.

सल्ला द्यायला माणसं लगेच मिळतात. माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो, तिकडे स्टील चॅलेंज खेळतो. पाच लोखंडी पाट्या, हातात पिस्तूल, बझर वाजला की सुटायचं, जितका वेळ लागला तोच स्कोअर. "ताई, हेच कर, कंटाळा म्हणून येणार नाही," म्हणाला. त्याने धाडलेले आयपीएससीचे, म्हणजे पळापळीच्या पिस्तूल नेमबाजीचे, व्हिडिओही पाहिले. दोन्ही हातांनी धरलेलं पिस्तूल, धावत धावत नेम, कमरेला होल्स्टर, मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ असा हिशेब. बघायला भारीच. पण त्या खेळाचा मुख्य दारूगोळा ९ मिलिमीटरचा, आणि आपल्याकडे ९ एमएम सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) येतं. अमेरिकेत तो नवख्याचा पहिला पर्याय असेल, पुण्यातल्या बँक कर्मचाऱ्याचा नाही. ते व्हिडिओ मी अजून बघते, जेवताना.

राहिले दोन रस्ते. १० मीटर एअर पिस्तूल किंवा २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल, ज्याला त्याच्या ०.२२ इंची बोअरवरून रेंजवर सगळे नुसतं 'पॉइंट टू टू' म्हणतात. माझं मन सुरुवातीला सरळ दुसऱ्याकडे ओढत होतं, आणि त्याला कारण राही सरनोबत. कोल्हापूरची मुलगी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण. माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत होता.

२५ मीटरचा खेळ दोन भागांत असतो. आधी प्रिसिजन: पाच-पाच गोळ्यांच्या सहा सिरीज, प्रत्येकीला पाच मिनिटं. मग रॅपिड: हात ४५ अंशांत खाली, टार्गेट ३ सेकंदांसाठी समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग ७ सेकंद थांबायचं, परत तेच. अशा तीस गोळ्या. रेंजवरच्या सरांनी त्यांच्या लायसन्सवरचं पिस्तूल देऊन, शेजारी उभं राहून मला थोड्या गोळ्या मारू दिल्या. कानावर मफ असूनही पहिल्या आवाजाला मी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी आवाज व्हायच्या आधीच मिटले. सर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, ही दचकायची सवय एकदा लागली की काढायला फार वेळ जातो. एअरवर ती लागतच नाही, म्हणून आम्ही तिथून सुरू करतो."

तरी माझा निर्णय त्या दचकण्यावर झाला नाही. तो झाला घरात किती सराव होईल यावर. नोकरी आणि घर सांभाळून रेंजवर जाणं आठवड्यातून फार तर दोनदा जमणार होतं. नेमबाजीत बरंचसं काम गोळी न मारता होतं, त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. रिकामं पिस्तूल, समोर पांढरी भिंत, टार्गेट नाहीच. हात उचलायचा, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बॅक साइटच्या, म्हणजे मागच्या खुणेच्या, खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि ट्रिगर असा दाबायचा की ती रचना हलता कामा नये. मॅचच्या एअर पिस्तुलात यासाठी ड्राय फायरची वेगळी सोयच असते, हवा खर्च होत नाही आणि ट्रिगर खराखुरा लागतो. शिवाय कायदाही सोपा: ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे ते स्वतःचं, स्वतःच्या कपाटात, कुलूप लावून ठेवता येतं. पॉइंट टू टू म्हणजे बंदुकीचा परवाना, पोलीस पडताळणी, काडतुसांचा हिशेब, आणि एकेका काडतुसाला पेलेटच्या, म्हणजे एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्याच्या, कितीतरी पट पैसे. रोज रात्री वीस मिनिटं भिंतीसमोर उभं राहता येणं मला कुठल्याही सुवर्णपदकाच्या आठवणीपेक्षा मोलाचं वाटलं.

मग सुरू झालं डोळ्यांचं प्रकरण, ज्याबद्दल मला कुणीच आधी बोललं नव्हतं. पिस्तुलात टार्गेट स्पष्ट दिसून चालत नाही. स्पष्ट हवी ती फ्रंट साइट, म्हणजे हाताच्या टोकाशी, आणि मागचा काळा गोल धूसर. शेजारच्या लेनमधल्या नववीतल्या पोराला ही काही अडचणच वाटत नाही. चाळिशीच्या डोळ्याला मात्र त्या अंतरावर नजर टिकवणं जड जातं. चष्मेवाल्याकडे मी हाताएवढं अंतर मोजून घेऊन गेले. त्याने लांबच्या नंबरात अर्ध्याची भर घालून काच दिली आणि एकदम फ्रंट साइटला धार आली. वाचायचा चष्मा इथे उपयोगी नाही, त्यात साइटही जाते आणि टार्गेटही. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यासमोर पांढरट पट्टी लावायची. मिटला की चेहरा आवळतो आणि दहा-वीस शॉटनंतर दोन्ही डोळे थकतात.

नेम काळ्याच्या मधोमध धरायचा नाही, हेही नवीन होतं. काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या भागात साइट धरायची आणि पिस्तुलाची साइट अशी लावून घ्यायची की पेलेट मध्ये जाईल. दहाचा गोल सारा साडेअकरा मिलिमीटरचा. हात कुणाचाच स्थिर राहत नाही, सरांचाही नाही. "हलू दे, हलतानाच दाब," हे ऐकायला सोपं आहे.

स्वतःचं पिस्तूल घ्यायला मी घाई केली नाही. परदेशी मॅच पिस्तुलं, स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्टर वगैरे, लाखाच्या पलीकडे जातात. रेंजच्या पिस्तुलांवर हात बसेपर्यंत थांबले आणि तोवर ग्रिपच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीच्या, मापाचा अंदाज आला. माझा हात लहान, बहुतेक ग्रिप मोठ्या. छोट्या मापाची ग्रिप मागवली, तरी अंगठ्याखाली कानस चालवावी लागली आणि तळहाताशी लाकडाची पुट्टी भरावी लागली. सासूबाई बघत होत्या. "एवढे पैसे घालून तासायचं?" म्हणाल्या. तासायचंच. ग्रिप हातात दरवेळी त्याच जागी बसली नाही तर सरावाचा निम्मा फायदा वाया जातो.

ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात, वजन टिकलं तर पास. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत हवं, शूज घोट्याखालचे, सपाट. माझे शूज साधे कॅनव्हासचे आहेत, कुणी हरकत घेतलेली नाही.

मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन इझिकेल स्पर्धा असते, माझ्या रेंजवरची बहुतेक नवखी मंडळी तिथूनच सुरुवात करतात. त्यापुढे मोठ्या स्पर्धांच्या पायऱ्या, त्यांतलीच एक मावळंकरांच्या नावाची. हे तेच दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. खेळाच्या पुस्तकांत त्यांचं नाव फारसं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझी पहिली मॅच झाली. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं. २०१८ पासून बायकांनाही पुरुषांइतकेच साठ आहेत, आधी चाळीस असायचे. शेवटच्या वीसमध्ये खांदा बोलायला लागला, आणि पुढच्या डिटेलची, म्हणजे आमच्यानंतरच्या तुकडीतली, मुलगी मागे खुर्चीवर बसून बिनधास्त डबा खात होती. स्कोअर सांगण्यासारखा नाही, पण एकही पेलेट टार्गेटबाहेर गेलं नाही. आता खांद्यासाठी व्यायामाचे रबरी पट्टे आणलेत. पॉइंट टू टूचा विषय मी सरांकडे परत काढला. ते म्हणाले, "आधी सलग तीन मॅच ६०० पैकी ५२० च्या वर मारून दाखवा, मग अर्ज कुठला भरायचा ते सांगतो."