वानराच्या डोळ्यात बघायचं नसतं

मुंबईच्या एका स्टुडिओत मी नऊ वर्षं मॅचमूव्ह केलं. खरा कॅमेरा कसकसा हलला ते शॉटवरून शोधायचं आणि संगणकातला कॅमेरा हुबेहूब तसाच हलवायचा. जरा चुकलं की संगणकातला प्राणी जमिनीला टेकत नाही, साबणावरून घसरल्यासारखा सरकतो. आता बडोद्याला दांडिया बझारातल्या घरी बसून हेच करते.

पुतण्या कलाभवनला इंजिनिअरिंग करतो. (दादासाहेब फाळके तिथेच शिकले, हे तो दर भेटीत ऐकवतो.) मे महिन्यात म्हणाला, "काकू, एक वानर बसवून दे ना." तीन मिनिटांची फिल्म: गच्चीवर पोह्याचे पापड, राखणीला आजी, आणि वानर. वानर संगणकातलं. आजी खरी, म्हणजे माझ्या सासूबाई.

झाडूच्या दांड्याला टेनिसचा बॉल लावला. "आजी, हे वानराचं डोकं. ह्याच्या डोळ्यात बघायचं." सहा टेक झाले, दर वेळी नजर खाली. शेवटी मी म्हटलं, "आई, बॉलकडे बघा ना."

"अगं, वांदरांच्या डोळ्यात डोळे घालायचे नसतात, अंगावर येतात. मी त्याच्या हाताकडे बघणार. पापड हातानेच उचलणार ना ते?"

मी गप्प. नऊ वर्षांत शॉटमधून असे किती बॉल पुसले असतील! नजर बॉलवर असली की झालं, एवढंच आम्ही बघायचो. 'लाइफ ऑफ पाय'मधला सूरज शर्मा खऱ्या वाघासोबत नावेत कधी बसलाच नाही. वाघाचे केस कितीही सुंदर करा, त्या पोराच्या अंगात भीती नसती तर वाघ मांजर झाला असता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या संगणकातल्या गॉलमच्या वेळी तर तो साकारणारा अँडी सर्किस स्वतः सेटवर समोर असायचा, म्हणून बाकीच्यांना बघायला माणूस तरी होता. आमच्या आईंसमोर झाडू होता.

मग बॉल काढला आणि दांड्याला चिंध्या भरलेला हातमोजा बांधला. पापड सरकायला हवा, म्हणून त्याला उतराणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, फिरकीचा मांजा बांधून पुतण्याने टाकीआडून ओढला. पापड हलला, सासूबाई खरोखर ओरडल्या, टेक पहिल्याच झटक्यात ओके. मांजा गुलाबी होता हे मला रात्री स्क्रीनवर कळलं. एकेका फ्रेममधून तो पुसायला तीन संध्याकाळी गेल्या. पुतण्या म्हणे, "कोणाला दिसतंय?" मला दिसतंय, बाबा.

उजेडासाठी आम्ही क्रोमचा गोळा वापरतो. सगळा परिसर त्यात दिसतो, त्यावरून संगणकात प्रकाश बसवायचा. इथे स्टीलचा डाव पालथा धरून फोटो काढला. त्यात आभाळ, काळी टाकी आणि शेजाऱ्यांची पांढरी भिंत. त्या भिंतीचा उजेड वानराच्या डाव्या अंगावर घातला, पंजाखाली बोटभर गडद सावली दिली, आणि ते एकदम गच्चीवर बसलं. त्या सावलीआधी ते नुसतं चिकटवलेलं वाटत होतं.

परवा घरच्या टीव्हीवर लावली. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितली.

"तोंड बरं जमलंय. पण बसलेल्या वांदराची शेपटी खाली लोंबते. ही काय झेंड्यासारखी उभी केलीय?"

पुतण्या शेपटी पुन्हा करतोय.