तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हिसेस आखायला माणसं कशाला हवीत?

‘स्कीमा आहे, ओपन-एपीआयचा दस्तऐवज आहे, आता तर कोडही एआय लिहून देतं. मग सर्व्हिसेस आखताना महसूल खात्यातल्या आणि बँकेतल्या माणसांना बसवून शब्दांचा काथ्याकूट कशासाठी?’ हा प्रश्न वारंवार येतो. (सर्व्हिस म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती पुरवणारा सॉफ्टवेअरचा भाग, स्कीमा म्हणजे ती माहिती कोणत्या आकारात येईल याचे नियम आणि ओपन-एपीआय म्हणजे सर्व्हिसला काय विचारता येतं ते लिहायची ठरलेली पद्धत.) विचारणाऱ्याच्या सुरात थोडी चीड असते आणि ती समजण्यासारखी आहे. बैठका कोणाला आवडतात? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उदाहरण घेऊ सगळ्यांच्या ओळखीचं, सातबाऱ्याचं.

समजा, पीककर्जासाठी तीन सर्व्हिसेस जोडायच्या आहेत. एक जमिनीची माहिती देते, दुसरी कर्जखात्याची, तिसरी योजनेची पात्रता ठरवते. पहिलीकडून ‘क्षेत्र’ या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, १.२० आलं. स्कीमाच्या दृष्टीने ही शून्याहून मोठी दशांश संख्या, म्हणजे सगळं ठीक. पण ते १ हेक्टर २० आर असेल, तर जमीन १२० आर झाली. जुन्या सवयीने कोणी १ एकर २० गुंठे असं लिहिलं असेल, तर ती दीड एकर, म्हणजे सुमारे ६०.७ आर. आणि खरोखर दशांशातले १.२ एकर असतील, तर ४८.६ आर. तिन्ही आकडे एकाच गावात सहज सापडतील असे, त्यामुळे किमान-कमाल मर्यादा लावून चूक पकडता येत नाही. त्याहून वाईट जोडी गुंठा आणि आर यांची. १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, १ आर म्हणजे १००. फरक जेमतेम सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. अशी गल्लत चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं लपून राहते आणि सर्व्हे नंबरची बेरीज जुळेना झाली, की लोक राउंडिंगला दोष देतात.

त्यात एकूण क्षेत्र द्यायचं की पोटखराबा वजा करून लागवडीयोग्य? खरेदीखताला पहिलं लागतं, पीककर्जाला दुसरं. शिवाय नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यात शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं आणि बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये. रकाना तोच, वाचायची रीत वेगळी.

तरी एककांचा प्रश्न सोपाच म्हणायचा. फील्डला ‘लागवडीयोग्य_क्षेत्र_आर’ असं नाव दिलं की बराच सुटतो. जिथे नुसतं नाव बदलून भागत नाही, तिथे खरी मेहनत आहे.

पीएम-किसानचं पाहा. पात्रतेसाठी जमिनीची मालकी १ फेब्रुवारी २०१९ रोजी काय होती ते बघतात. मूळ नियमानुसार त्यानंतर झालेले बदल पुढची पाच वर्षं धरायचे नव्हते, अपवाद खातेदाराच्या मृत्यूमुळे आलेल्या वारसाहक्काचा. वाचायला अगदी स्वच्छ नियम. प्रोग्रामर लिहितो: मालकीची तारीख या तारखेच्या आत असेल, तर पात्र. आता एक प्रकरण घ्या. खरेदीखत २० जानेवारीला नोंदलं गेलं. तलाठ्याने गाव नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, धरला, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीचे १५ दिवस सरले आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला फेब्रुवारीच्या मध्यावर. या माणसाची ‘मालकीची तारीख’ कोणती? दस्ताची, फेरफार धरल्याची की प्रमाणित झाल्याची? डेटाबेसमध्ये तिन्ही तारखा आहेत, तिन्ही बरोबर आहेत. वारसाचं आणखी वेगळं: हक्क मृत्यूच्या दिवशी येतो, सातबाऱ्यावर नाव मात्र सावकाश चढतं. यातली कोणती तारीख या योजनेसाठी धरायची, हा निर्णय आहे. तो घेण्याचा अधिकार कोणाकडे तरी असतो आणि पुढे अपिलात त्याला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही विचारलं नाहीत, तर तो निर्णय प्रोग्रामर घेतो, तोही कळत-नकळत, ज्या कॉलमचं नाव सोयीचं दिसलं त्याच्या आधारे.

‘कुटुंब’ याहून फसवं. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. शिधापत्रिकेवर त्याच घरातले आईवडील आणि सज्ञान मुलगाही असू शकतात. पुन्हा रेशनमध्येच प्राधान्य गटाला माणशी ५ किलो धान्य, तर अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. म्हणजे एकीकडे मोजायची माणसं, दुसरीकडे कार्ड. अशा वेळी ‘पुनर्वापर’ या नावाखाली सगळ्यांसाठी एक सामाईक ‘कुटुंब सर्व्हिस’ काढण्याचा मोह प्रत्येक सॉफ्टवेअर आर्किटेक्टला होतो. आकृतीत ती फार देखणी दिसते. सहा महिन्यांनी तिच्यात ‘प्रकार’, मग ‘प्रकार_२’, मग ‘योजनेनुसार_वगळा’ अशी फील्डं उगवतात आणि प्रत्येक वापरकर्ती सर्व्हिस आपापली गाळणी लावून तिच्यातून आपलं कुटुंब परत वेगळं काढत बसते.

अर्थाचं हे काम यंत्रावर सोपवायचा प्रयत्न आधी झालेला आहे. २००० च्या सुमारास सोप (निरोप पाठवायची रीत), डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन लिहायची भाषा) आणि यूडीडीआय (सर्व्हिसेसची नोंदवही) ही मंडळी एकत्र आली, तेव्हा कल्पना अशी होती की सर्व्हिसेस एका सार्वजनिक नोंदवहीत आपली माहिती टाकतील आणि दुसरी सॉफ्टवेअर त्या शोधून आपोआप जोडली जातील. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सार्वजनिक नोंदवही २००६ मध्ये बंद झाली. डब्ल्यूएसडीएल कोणतं ऑपरेशन आहे, काय पाठवायचं, काय परत येईल हे बिनचूक सांगत होतं. पण समोरची कंपनी ‘ऑर्डर पूर्ण’ म्हणते ते माल गोदामातून निघाल्यावर, पोचल्यावर की पैसे आल्यावर, हे त्यात लिहायला जागाच नव्हती. ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे संकल्पनांचे अर्थ यंत्राला वाचता येतील असे लिहायच्या, भाषांनी ती जागा तयार केली. तरी तिथे काय लिहायचं यावर आधी माणसांचं एकमत व्हावं लागतंच.

तर मग बैठक घ्यायची कशी? सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बसवू नका. एकत्र बसवलं की खोलीतल्या सर्वांत वरिष्ठाची व्याख्या जिंकते आणि बाकीचे माना डोलावतात. सर्व्हिसेसच्या सीमा ओलांडणारी दहा-बारा नामं काढा: खातेदार, कर्जदार, क्षेत्र, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद), फेरफार, पीक, हंगाम अशी. प्रत्येक विभागातल्या, रोज त्या नोंदी हाताळणाऱ्या माणसाला वेगवेगळं गाठून प्रत्येक नामाबद्दल तेच चार प्रश्न विचारा. हे अस्तित्वात कधी येतं? संपतं कधी? बदलण्याचा अधिकार कोणाचा? आणि याच्यावर विसंबून पुढे कोणता निर्णय होतो? सोबत प्रत्येकाकडून दोन-तीन अडचणीच्या नोंदी मागा. व्याख्या सगळे छान सांगतात. मतभेद बाहेर येतात ते मयत खातेदाराच्या, सामाईक खात्याच्या किंवा कर्ज फिटूनही ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा तसाच राहिलेल्या सातबाऱ्यावर. बोजा ‘संपला’ हे बँकेच्या लेखी पैसे भरल्यावर, महसूलच्या लेखी कमी केल्याचा फेरफार प्रमाणित झाल्यावर. अधल्यामधल्या काळात दोन्ही सर्व्हिसेस खरं बोलतात आणि उत्तरं उलटी देतात.

उत्तरं जिथे फाटतात, तिथे सर्व्हिसची सीमा येते. म्हणून एकच ‘शेतकरी सर्व्हिस’ करू नये. महसूलचा खातेदार, बँकेचा कर्जदार आणि योजनेचा लाभार्थी वेगळे ठेवावेत आणि त्यांची सांगड घालणारा स्वतंत्र भाग असावा. त्या भागाने नुसतं हो-नाही न सांगता कशाच्या आधारे जुळवलं तेही सांगायला हवं. सातबाऱ्यावर ‘रामा’ आणि आधारवर ‘रामचंद्र’ असेल, तर नाव ८० टक्के जुळतं हे यंत्र सांगेल. तो एकच माणूस आहे हे गावातलं कोणीतरी पुराव्यानिशी सांगतं आणि त्याची नोंद राहावी लागते.

सर्व्हिसेसमधल्या करारातही, म्हणजे कोणती माहिती कशा रूपात द्यायची या ठरावातही, हे उतरलं पाहिजे. फेरफारासाठी ‘मंजूर: हो/नाही’ ठेवलंत, तर हरकतीत अडकलेली नोंद ‘नाही’मध्ये जाते आणि नाकारल्यासारखी दिसते. धरलेला, हरकतीत, प्रमाणित, रद्द अशा अवस्था वेगळ्या ठेवा. रिकाम्या फील्डचं तेच. माहीत नाही, लागू नाही आणि विचारलंच नाही हे तीन वेगळे प्रकार आहेत. बोज्याच्या जागी रिकामं आलं आणि बँकेच्या प्रणालीने ते शून्य समजलं, की एकाच जमिनीवर दुसरं कर्ज उभं राहतं. आणि प्रत्येक फील्डसोबत एक सरळ व एक अडचणीचं उदाहरण लिहा. वर्णनाचा परिच्छेद कोणी वाचत नाही, उदाहरण वाचतात.

एवढं केल्यावरही अर्थ जागचा हलतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी गाव नमुना बारातलं, म्हणजे पिकांच्या नोंदवहीतलं, पीक तलाठी लिहीत होता, आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवतो. ‘पीक: सोयाबीन’ हे फील्ड आधीही तेच, नंतरही तेच, स्कीमात एका अक्षराचा फरक नाही. पण आधीची अधिकाऱ्याची नोंद होती, नंतरची मुळात शेतकऱ्याचं स्वतःचं निवेदन. त्या फील्डवर विमा किंवा भरपाई ठरवणाऱ्या सर्व्हिससाठी हा मोठा बदल आहे आणि सगळ्या स्वयंचलित चाचण्या त्यात हिरव्याच, म्हणजे उत्तीर्णच, राहतील. म्हणून माझं मत ठाम आहे: आकार तसाच राहून अर्थ बदलला, तरी कराराचा आवृत्ती क्रमांक बदलावा आणि नोंदीसोबत ती कोणी केली हे जावं.

एआयबद्दल विचारलंत. मॉडेलला शासन निर्णय, परिपत्रकं आणि जुना कोड दिला, तर एकच शब्द कुठे कुठे वेगळ्या अर्थाने आलाय याची यादी ते चटकन काढतं. त्यासाठी जरूर वापरा, तयारीचा बराच वेळ वाचतो. पण वरचा मालकीच्या तारखेचा प्रश्न विचारा, ते पटणारं उत्तर देईल आणि तीनपैकी कोणत्याही तारखेच्या बाजूने देईल. कागदात जो निर्णय झालेलाच नाही, तो कागद वाचून सापडणार कसा? अशी जागा दिसली की ती उघडी ठेवा: तिन्ही तारखा वेगवेगळ्या फील्डमध्ये द्या, ‘मालकीची तारीख’ नावाचं फील्ड देऊच नका आणि लेखी प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर ती प्रकरणं बाजूला काढून माणसाकडे पाठवणारी एक रांग ठेवावी लागते. तिचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, कारण नंतर तिच्यासाठी पैसे मागितले की सगळ्यांना तो सॉफ्टवेअरचा दोष वाटतो.