उटीची चॉकलेटे : नाताळच्या घरगुती फराळापासून बाजारपेठेपर्यंत

उटीच्या कमर्शियल रोडवरून चेरिंग क्रॉसकडे चालू लागले की चार-दोन दुकाने मागे पडेपर्यंत 'होममेड चॉकलेट्स' अशी आणखी एक पाटी समोर येते. चहा, निलगिरीचे तेल, वर्की नावाची खुसखुशीत बिस्किटे आणि चॉकलेट यांपैकी काही तरी पिशवीत घातल्याशिवाय येथून सहसा कोणी परतत नाही, आणि त्यांत महाराष्ट्रातून सहलीला आलेली मंडळीही भरपूर असतात. चहा समोरच्या उतारांवरच पिकतो, निलगिरीची झाडे डोंगरभर आहेत, वर्कीच्या भट्ट्या गावातच आहेत आणि 2023 साली उटीच्या वर्कीला भौगोलिक मानांकनही मिळाले. चॉकलेटचे मात्र तसे नाही. कोकोचे झाड उष्ण आणि दमट हवेत वाढते. सुमारे 2,240 मीटर उंचीवरच्या, हिवाळ्यातल्या पहाटे गवतावरचे दव गोठवणाऱ्या या गावात ते तग धरणार नाही. जे येथे पिकत नाही, त्याच पदार्थासाठी हे गाव प्रसिद्ध कसे झाले, हे समजून घेण्याची मला फार दिवसांपासून उत्सुकता होती. म्हणून या वेळी तळे आणि दोडाबेट्टा शिखर बाजूला ठेवून मी एका कुटुंबाच्या चॉकलेटच्या दुकानात आणि त्यामागच्या कारखान्यात, म्हणजे खरे तर मोठ्या स्वयंपाकघरात, बराच वेळ घालवला.

उत्तराचा पहिला भाग दुकानात पोहोचण्यापूर्वी आगगाडीतच मिळाला. मेट्टुपाळयमहून निघणारी निलगिरी पर्वतीय रेल्वे सुमारे 46 किलोमीटरच्या प्रवासात जवळजवळ 1,900 मीटर चढते. कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 साली सुरू झाला, 1908 साली तो उटीपर्यंत आला आणि 2005 साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कल्लारपासून कुन्नूरपर्यंतच्या तीव्र चढावर दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत गाडी वर नेते. कोइमतूरला आदल्या रात्री घेतलेली चॉकलेटची एक वडी माझ्या पिशवीत होती. मेट्टुपाळयमला ती इतकी मऊ पडली होती की बोटाचा ठसा उमटावा. कुन्नूर मागे पडून खिडकीतून गार वारा येऊ लागल्यावर ती पुन्हा घट्ट झाली होती, मात्र तिच्यावर राखाडी-पांढरे डाग आले होते आणि मोडताना ती कट् असा आवाज न करता भुसभुशीत तुटली. या डागांचे कारण मला पुढे दुकानातच कळले. उटीला चॉकलेट मिळाले ते या थंडीमुळे, एवढे मात्र गाडीतच लक्षात आले. विजेचे शीतकपाट आणि वातानुकूलित खोली घरोघरी नव्हती, त्या काळात दक्षिण भारतात चॉकलेट घरी करून टिकवता येईल अशी हवा मोजक्याच ठिकाणी होती.

दुसरा भाग नाताळचा. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने 1820च्या दशकात येथे वस्ती वसवली. त्याने बांधलेले स्टोन हाउस आजही सरकारी आवारात उभे आहे. पुढे मद्रास इलाख्याचे सरकार दर उन्हाळ्यात येथे मुक्काम हलवू लागले. जवळच वेलिंग्टनची लष्करी छावणी, लव्हडेलची 1858 सालची लॉरेन्स शाळा, चहाचे मळेवाले, मिशनरी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे अशी मोठी ख्रिस्ती वस्ती या डोंगरांत झाली. या घरांत डिसेंबर उजाडला की प्लम केकसाठी बेदाणे रममध्ये मुरत ठेवायचे, मार्झिपान वळायचे, फज आणि चॉकलेट करायचे आणि नाताळच्या दिवशी ताटे भरून शेजारीपाजारी पाठवायची, असा परिपाठ होता. आपल्याकडे वांद्रे आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत याच दिवसांत कुलकुल, मिल्क क्रीम आणि मार्झिपानची ताटे फिरतात. ज्यांनी ती पाहिली आहेत, त्यांना निलगिरीतले हे चित्र परके वाटणार नाही.

या ताटांतला माल करणारे हात बहुतेक वेळा स्थानिक तमिळ आणि बडगा समाजांतल्या माणसांचे होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. बंगल्यातली मडम पाककृती सांगत असेल, पण कढईसमोर तासभर उभा राहणारा, साखरेच्या पाकाचा अंदाज डोळ्यांनी घेणारा आणि वड्या पाडणारा माणूस स्वयंपाकी होता. बंगले रिकामे झाले तरी ही विद्या गावातच राहिली, ती त्याच्यामुळे. घरगुती चॉकलेटला दुकानाची फळी मिळाली ती स्वातंत्र्यापूर्वीच. आजही चालू असलेले 'किंग स्टार' हे दुकान 1942 सालचे आहे. ते महायुद्धाचे वर्ष होते. समुद्रमार्गे येणारा विलायती माल युद्धामुळे दुर्मीळ झालेला असताना गावातच केलेल्या चॉकलेटला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविक होते, असे मला वाटते. कॅडबरी कंपनी भारतात आली ती 1948 साली, म्हणजे उटीतल्या या दुकानानंतर.

मी ज्या दुकानात बसले, ते इतके जुने नाही आणि फारसे मोठेही नाही. मालकीणबाई पन्नाशीच्या पुढच्या. गल्ल्यावरची मुले त्यांना 'अक्का' म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणू लागले, आणि तेवढ्यानेच त्यांच्याशी बोलणे सोपे झाले. त्यांच्या सासूबाईंचे वडील एका मळेवाल्याच्या बंगल्यात बटलर होते. त्यांच्या हाताखाली सासूबाई लहानपणी वड्या करायला शिकल्या आणि लग्नानंतर दर डिसेंबरात घरच्या घरी एक-दोन ताटे करून चर्चमधल्या ओळखीच्या लोकांना वाटू लागल्या. कोको पावडर, दूध पावडर, लोणी आणि साखर एवढेच सामान असल्यामुळे तो पदार्थ आजच्या अर्थाने चॉकलेट नव्हता. आपल्या नारळाच्या वडीचे कोकोतले भावंड म्हणावे असा तो होता. एका वर्षी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने नाताळसाठी चार ताटे मागितली आणि पैसे आगाऊ देऊ केले. पुढच्या वर्षी त्याने मे महिन्यातल्या पुष्पप्रदर्शनासाठीही ताटे मागितली, आणि वर्षातून एकदा होणारे काम दोनदा होऊ लागले. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा माळ्यावरच्या खोलीत बारमाही काम चालत असे. दुकानाची जागा नंतर भाड्याने घेतली.

एकंदर व्यवसायाचा प्रवासही मला असाच दिसतो. नाताळने पदार्थ दिला आणि उन्हाळ्याच्या हंगामाने गिऱ्हाईक दिले. एप्रिल-मे महिन्यांत कोइमतूर-चेन्नईच्या उकाड्यातून वर आलेल्या माणसाला काचेमागे रचलेले, न वितळलेले चॉकलेट दिसते, आणि ते येथेच घरी केलेले आहे असे कळल्यावर तो पाव किलो घेतो. कच्चा मालही काळाबरोबर जवळ आला. 1960च्या दशकात केरळमध्ये नारळ आणि सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोकोची लागवड वाढू लागली, आणि 1986 साली दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने चॉकलेटचा कारखाना काढला. कोकोचे तयार ठोकळे दक्षिणेतच मिळू लागल्यावर अक्कांच्या सासूबाईंनी लोण्याची वडी मागे ठेवली आणि खऱ्या चॉकलेटकडे वळल्या.

मागच्या खोलीत काम पाहायला मिळाले ते सकाळी सातच्या सुमारास. खिडक्या बंद, जमीन कोरडी आणि चुलीवर पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात चॉकलेटचे ठोकळे वितळत घातलेले. पाण्याचा एक थेंब जरी आत पडला तरी सगळा घाणा दाणेदार होऊन आळतो, म्हणून भांडे उतरवताना अक्कांचा मुलगा त्याची बूडबाजू आधी कोरड्या फडक्याने टिपतो. चॉकलेट साधारण 45 अंशांपर्यंत तापले की त्यातले दोन तृतीयांश तो संगमरवरी फरशीवर ओततो आणि दोन पसरट कालथ्यांनी ते पसरवणे, गोळा करणे, पुन्हा पसरवणे असे करत राहतो. फरशी थंड, खोली थंड. चॉकलेट हळूहळू जड होऊ लागते, कालथ्यावरून त्याची धार तुटेनाशी होते, आणि ते 27 अंशांच्या आसपास आले की तो ते भांड्यातल्या उरलेल्या गरम चॉकलेटमध्ये मिसळतो. काळे चॉकलेट असेल तर 31-32 अंश आणि दुधाचे असेल तर त्याहून एक-दोन अंश कमी, एवढ्यावर मिश्रण आणून ठेवायचे. मुलगा तापमापक वापरतो. अक्का खालच्या ओठाला थेंब लावून पाहतात, आणि माझ्यासमोर दोघांचा अंदाज जुळला.

हा सगळा खटाटोप कोको बटरसाठी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीसाठी असतो. कोको बटरचे स्फटिक वेगवेगळ्या प्रकारांनी बनू शकतात आणि त्यांतला एकच प्रकार चॉकलेटला चकाकी, कडकपणा आणि तोंडात गेल्यावर एकदम विरघळण्याचा गुण देतो. तो सुमारे 34 अंशांवर, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली वितळतो. चॉकलेट नुसते वितळून गोठू दिले तर स्फटिक हवे तसे जमतात, चरबी पृष्ठभागावर येते आणि पांढरट डाग पडतात. माझ्या पिशवीतल्या वडीचे नेमके हेच झाले होते. ती आरोग्याला अपायकारक नव्हती, पण तिच्यावर घेतलेली मेहनत कोइमतूरच्या उकाड्यात वाया गेली होती.

तयार मिश्रण लोखंडी ट्रेमध्ये ओतल्यावर भाजलेले बदाम, काजू आणि बेदाणे हाताने पेरले जातात. मग ट्रे दोन्ही हातांनी ओट्यावर चार वेळा आपटून आतली हवा काढतात. अर्धवट आळलेल्या चॉकलेटवर सुरीने रेघा मारायच्या आणि पूर्ण गोठल्यावर हाताने तुकडे मोडायचे, त्यामुळे एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. सांगलीकडचे बेदाणे इतक्या दूरच्या स्वयंपाकघरात वापरले जातात हे बेदाण्यांच्या खोक्यावर वाचून मला आनंद झाला. माल तोलून विकला जातो, शंभर ग्रॅमपासून पुढे. जिल्ह्यात एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवर बंदी असल्यामुळे पुड्या कागदाच्या आणि खोके पुठ्ठ्याचे.

मी बसले असतानाच नाशिकचे एक कुटुंब आले. "अगं, घरी पोचेपर्यंत याचा लगदा व्हायचा," असे आजी सुनेला म्हणत होत्या. मी मराठीत बोलल्यावर त्यांना धीर आला आणि त्यांचा प्रश्न मी अक्कांपुढे ठेवला. अक्कांनी प्रवास कसा आणि किती तासांचा ते विचारले, दुधाचे चॉकलेट कमी करून काळे वाढवायला सांगितले आणि आजींनी मागितलेल्या किलोऐवजी अर्धाच किलो दिला. गिऱ्हाईक अधिक मागत असताना कमी देणारा दुकानदार मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

या पाटीखाली सगळीकडेच असे काम होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. कोको बटर महाग असते. त्याऐवजी वनस्पती तेलाची चरबी घातलेले 'कंपाउंड' स्वस्त पडते, फरशीवर घोटावे लागत नाही आणि उन्हातही पटकन वितळत नाही. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या सुमारास घरोघरी साच्यांत पाडली जाणारी चॉकलेटे बहुतेक याच कंपाउंडची असतात. घरच्या ओट्यावर उद्योग उभा करणाऱ्या त्या महिलांच्या कष्टांविषयी मला पूर्ण आदर आहे, कारण अक्कांच्या सासूबाईंची सुरुवात याहून वेगळी नव्हती. माझा आग्रह एवढाच आहे की दोन्ही पदार्थ एकाच नावाने आणि एकाच भावाने विकले जाऊ नयेत. तोंडात ठेवल्यावर चॉकलेट लगेच विरघळून चव मागे राहिली तर ते कोको बटरचे. टाळूला मेणासारखा थर चिकटून राहिला तर ते कंपाउंडचे. सुटा माल देणारे बहुतेक दुकानदार मागितल्यास चव पाहायला तुकडा देतात, आणि बंद खोक्यावर घटकांची यादी असतेच; त्यात कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, हे वाचूनच पैसे द्यावेत.

दुकान मोठे करण्याविषयी मी विचारले, तेव्हा अक्कांचा मुलगा म्हणाला की कोइमतूरला शाखा काढण्याचा सल्ला त्याला अनेकांनी दिला आहे, पण तेथे चोवीस तास वातानुकूलन लागेल आणि फरशीवरचे काम यंत्राकडे द्यावे लागेल. त्याने तूर्त दुसरी फरशी बसवून घेतली आहे. सासूबाई आता हयात नाहीत, मात्र नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांची जुनी लोण्याची वडी आजही केली जाते. ती काचेमागे मांडत नाहीत. जुन्या घरांची मागणी पुरी झाल्यावर उरली तरच मिळते. डिसेंबरात जाणार असाल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवून ठेवावे लागते, आणि मी माझे नोंदवून आले आहे.