उरलेले अठरा चौकोन

भाचीला बाळ झालं तेव्हा मी हौसेनं दुपटं शिवायला घेतलं. पट्टी, खडू, कात्री असा सगळा थाट मांडून साडेसहा इंचांचे 48 चौकोन कापले. शिवणीत चारही बाजूंनी पाव-पाव इंच जातं, मग सहा इंच उरतं. पाच गुणिले सहा, म्हणजे 30 चौकोनांत अडीच फूट बाय तीन फुटांचं दुपटं झालं. मग 48 का कापले? कापताना हात थांबत नाही, एवढंच.

उरले ते अठरा अर्थातच रंग जुळवताना बाजूला सारलेले. शेवाळी, करडे, आणि जांभळ्यावर पिवळे ठिपके असलेले चार, जे कुणाही शेजारी बसवले तरी भांडतात. दोन वर्षं ते चिंध्यांच्या पिशवीत पडून होते.

ही पिशवी प्रत्येक घरात असते. आमच्या पिशवीत शिंप्याकडून आलेले तुकडे आहेत, कापडदुकानातलं नमुन्यांचं जुनं पुस्तक आहे, त्यातल्या तुकड्यांच्या कडा दोरे सुटू नयेत म्हणून नागमोडी कातरलेल्या. आणि तळाशी ओटीत आलेले ब्लाऊजपीस. ते कुणी शिवत नाही. पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जातात, तिथून तिसरीच्या. एक मोरपंखी ब्लाऊजपीस तर फिरून माझ्याकडेच आला. कोपऱ्यात दुकानदारानं पेनानं लिहिलेल्या किमतीवरून ओळखला. यातले निम्मे पॉलिस्टरचे, वाकळीला निरुपयोगी. सुईखाली सरकतात आणि अंगावर घेतले की घाम येतो.

यंदा उन्हाळ्यात आई आली आणि पिशवी तिच्या हाती लागली. चौकोनांची चळत बघून म्हणाली, "वाकळ काय मापानं शिवत्यात व्हय गं?"

तिची रीत वेगळी. मी आधी वरचा थर मशिनवर पुरा जोडते, मग खाली अस्तर. तिनं जुनं सुती लुगडं दुहेरी अंथरलं, चारही कोपऱ्यांवर पाण्याचे तांबे ठेवले आणि कडेपासून तुकडे ठेवत, कड आत मुडपत, सरळ धावदोरा घालायला घेतला. वाकळीला एक फेरा, मग त्याच्या आत दुसरा. पुढं कुठला तुकडा येणार ते तिला टाका तिथवर पोचेपर्यंत माहीत नसतं. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका अशाच कडेपासून मध्याकडे कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवत जातात आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात. मोबाईलवर तिला फोटो दाखवले. तिनं चष्मा वर करून पाहिलं. "कोपराच आधी फाटतोय, म्हणून लावत असतील." शोभेसाठी लावतात हे मी सांगून पाहिलं, पण तिला पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं माझा एक जांभळा चौकोन उचलला आणि कात्रीनं उभा चिरला. मी ओरडलेच. इतका मोजून-मापून कापलेला! ती म्हणाली, "जागाच एवढी हाय." चिरलेलं अर्धं एका करड्या पट्टीशेजारी बसलं, उरलेलं पार पलीकडच्या कडेला. भांडखोर ठिपके आता दोन-दोन बोटांच्या पट्ट्यांत विखुरले होते आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. दुपट्याच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. चौकोन म्हणजे चौकोनच, अशी काहीतरी समजूत होती.

एक मात्र तिच्या रीतीतही खोट आहे: कडेकडून आत येताना मध्ये फुगा धरतो. आधी कच्चा टाका घालायला हवा होता. ते मी बोलून दाखवलं, तर तिनं फुग्यावर चिमटीनं एक चूण घेतली, वर मोरपंखी ब्लाऊजपीसचा तुकडा ठेवला आणि टाका मारला. तो ब्लाऊजपीस आता कुणाच्या ओटीत जायचा नाही.

वाकळ झाली. चिंध्या कमी होतील असं वाटलं होतं, पण कातरलेल्या कडा धरून पिशवी होती त्याहून फुगली. त्यात दोन शेवाळी चौकोन न चिरलेले, तसेच्या तसे. हे का नाही लावले, विचारलं.

"ऱ्हाऊ देत. वाकळ फाटली की ठिगळाला लागतील."