माझा अनुभव: दहा प्रश्नांचं मराठी

एमडीच्या प्रबंधासाठी गाइडनी विषय सुचवला तेव्हा सोपा वाटला होता. रोनाल्ड केसलर यांची मानसिक ताण मोजणारी के-10 प्रश्नावली मराठीत आणायची आणि ती कितपत विश्वासार्ह ठरते ते तपासायचं. दहाच प्रश्न. गेल्या 30 दिवसांत असं किती वेळा वाटलं, उत्तराला 1 ते 5 गुण, बेरीज 10 ते 50. म्हटलं, महिन्याभरात उरकेल.

दोघांनी वेगवेगळं बसून मराठी केलं. मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसरीने ते परत इंग्रजीत नेलं. ते मुळाशी इतकं जुळलं की मी खूश! ती खुशी ग्रामीण आरोग्य केंद्राच्या ओपीडीत पहिल्याच दिवशी उतरली.

"प्रत्येक गोष्टीसाठी प्रयत्न करावे लागतात, असं किती वेळा वाटलं?"

"नेहमीच. प्रयत्नांशिवाय काय मिळतंय बाबा?" आजी म्हणाल्या, त्याही अभिमानाने. माझ्या कागदावर मात्र ताणाचे 5 गुण. मूळ प्रश्नाचा रोख साधं कामही ओढूनताणून करावं लागण्यावर आहे. आमचं भाषांतर शब्दाला शब्द होतं, म्हणून उलट भाषांतरात चूक दिसलीच नाही. 'आपण बिनकामाचे आहोत असं वाटलं का?' यावर त्याच आजी चिडल्या, "पहाटे चारपासून कामातच असते की!" आणि 'आशा उरली नाही' वर एकीने सांगितलं, आशाताई कालच येऊन गेल्या.

तरी माहिती गोळा केली, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा म्हणजे क्रॉनबाखचा अल्फा, तो निदान 0.7 असावा असं मानतात. आमचा बराच वर. फक्त तो प्रयत्नांचा प्रश्न फटकून होता, तो वगळला की अल्फा वाढत होता. मी पेढे आणायच्या बेतात होतो. गाइड म्हणाल्या, "दुसरा आणि पाचवा प्रश्न मोठ्याने वाच."

दोन्हीकडे 'अस्वस्थ'. मुळात दुसरा भीतीच्या अंगाने जाणाऱ्या धास्तीचा आणि पाचवा चुळबुळीचा. तिसरा आणि सहावा म्हणजे याच दोघांची तीव्र रूपं. म्हणजे दहापैकी चार ठिकाणी आम्ही एकच विचारत होतो. "तेच चारदा विचारलंस तर उत्तरं जुळणारच," गाइड म्हणाल्या.

मग आठवडाभर ओपीडीत नुसतं ऐकत बसलो. लोक म्हणत होते, 'जीव घाबरा होतो', 'एका जागी बसवत नाही', 'भाजी निवडणंसुद्धा जिवावर येतं'. सगळे शब्द तिथेच होते, आम्ही शब्दकोशात शोधत होतो.

फेरतपासणीत चूक माझी. दोन आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारायचं होतं, पण माझी ड्युटी लागली, म्हणून दुसरी फेरी आशाताईंनी घेतली. गुण सरसकट खाली, आयसीसी, म्हणजे दोन फेऱ्यांचे गुण किती जुळतात तो आकडा, कोसळला. गल्लीतल्याच बाईसमोर 'मला काही सुचत नाही' असं कोण कबूल करणार? नवे लोक घेऊन दोन्ही फेऱ्या मी स्वतः केल्या. दोन महिने गेले.

शेवटचा अल्फा पहिल्यापेक्षा थोडा कमीच आला, 0.7 च्या वर असला तरी. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "सुधारणा केल्यावर आकडा घसरला कसा?" मी त्यांना दोन्ही मसुद्यांतला पाचवा प्रश्न वाचून दाखवला.