समुद्र न बघता काढलेला नकाशा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मागे लागलेत सगळे, आता शाळेतल्या खोड्या बाकीचे लिहितीलच, मी बँकेच्या बदलीनं मालवणला गेलो तिथलं लिहितो. भूगोलाच्या मॅडमनी कोकण किनाऱ्याचा नकाशा इतक्यांदा काढून घेतला की डोळे मिटून काढता यायचा, पण वर्गात समुद्र बघितलेला कोणी असेल असं वाटत नाही. आपल्याला सोलापूरकरांना पाणी म्हणजे कंबर तलाव, आणि नळाला चार दिवसाआड येईल ते.

तिथं गेल्यावर पहिल्यांदा रापण बघितली. होडी समुद्रात अर्धा गोल फिरून जाळं सोडत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसं ओढतात, म्हातारे, पोरं, रस्त्यानं जाणारासुद्धा. मी पण हात लावला, तळहात सोलपटले. जाळं वर आलं तर तारली आणि बांगडे तडफडतायत, तिथंच वाळूत लिलाव, बायका पाट्या भरून बाजाराकडे. मी निघालो तर एक आजोबा म्हणाले, "सायबानू, हात लावलास मां, मग वाटो घेवकच होयो." पिशवीत बांगडे घालूनच सोडलं! आमच्या घरी मासे शिजत नाहीत हे सांगायची सोय नव्हती, शेजारच्या काकूंनी सोय केली.

१९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तरी मालवणला स्टेशन नाहीच, कुडाळला उतरून यावं लागतं. त्याआधी पोरगा मोठा झाला की मुंबई, हेच ठरलेलं. आता मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा, म्हणजे नळी लावून पाण्याखाली उतरणं आलं, घरोघरी न्याहारी निवास. मला यातलं काय आवडलं सांगू का, आपल्याकडं गिरण्या होत्या तोवर सगळं त्यांच्या भोंग्यावर चालायचं, त्या बंद पडल्या आणि घरंच्या घरं उघड्यावर आली की हो. तिथं एक मोठा मालक असा नाही, कोणाची खानावळ, कोणाची होडी, कर्ज पण छोटी छोटी, आणि माझ्या टेबलावर तरी बायकांचे हप्ते वेळेवर यायचे.

सगळं गोडच आहे असं नाही. पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या जाळ्याच्या मोठ्या बोटी बाहेर समुद्रातच मासा गोळा करतात, मग किनाऱ्याला काय उरणार, त्यावरून भांडणं कायमची. आणि जे पोरगे दोर ओढायचे ते आता टुरिस्टला पाण्यात उतरवतात, पैसा तिथं जास्त, त्यांना तरी काय बोलणार. रापणीला माणसं कमी पडतात म्हणून फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात दोर देतात, वाटा मात्र त्यांनाही मिळतो.

बॅचमधलं कोणी जाणार असेल तर १ जून ते ३१ जुलै सोडून जा, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आणि शेंगाचटणी न्या, तिथं लई खपते.