‘विनाअनुदानित’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात शिक्षणाविषयी बोलताना ‘विनाअनुदानित’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. शासनाची मान्यता आहे, पण वेतन आणि वेतनेतर खर्चासाठी शासनाचे अनुदान नाही, अशी शाळा किंवा महाविद्यालय म्हणजे विनाअनुदानित. ‘विनापरवाना’शी असलेल्या साधर्म्यामुळे काही पालकांना अशी शाळा बेकायदा वाटते, तसे मुळीच नाही.

१९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली, तेव्हा सरकार जे देणार नाही ते विद्यार्थ्यांच्या शुल्कातून उभे राहील हे गृहीत होते. तोच शब्द खेड्यातल्या मराठी शाळेला लावला की हे गृहीतक कोसळते, कारण तिथल्या पालकांना असे शुल्क झेपत नाही, आणि सगळी तूट अखेर शिक्षकाच्या पगारावर येते.

‘मी विनाअनुदानितवर आहे,’ असे शिक्षक सांगतात, तेव्हा त्या एका वाक्यात हा सगळा हिशेब आलेला असतो. अनेक अनुदानित शाळांत एखादी तुकडी विनाअनुदानित असते. एकाच मस्टरवर सही करून दोघे शिक्षक शेजारशेजारच्या वर्गांवर तोच धडा शिकवायला जातात, पण एकाचा पगार ‘शालार्थ’ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतून खात्यावर जमा होतो आणि दुसरा संस्था देईल त्या मानधनावर, संध्याकाळच्या शिकवण्यांच्या आधाराने घर चालवतो. हे मला अन्यायाचे वाटते.

२००१ च्या धोरणाने ‘विनाअनुदानित’ या शब्दाआधी ‘कायम’ जोडले आणि अनुदानाची आशाच संपवली. २००९ मध्ये ‘कायम’ वगळले गेले. पण त्यामुळे लगेच पैसा आला नाही. आधी शाळांचे मूल्यांकन, मग २०१६ पासून पात्र शाळांना वीस टक्क्यांचा पहिला टप्पा, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन. अशा शाळांना ‘अंशतः अनुदानित’ म्हणतात.

२०१२ च्या कायद्याने आलेल्या ‘स्वयंअर्थसहाय्यित’ शाळा मात्र वेगळ्या. त्या स्वतःच्या पैशावर चालवायच्या हे सुरुवातीपासून ठरलेले असते. आंदोलनांच्या बातम्यांत या दोन्ही प्रकारांना सरसकट ‘विनाअनुदानित’ म्हटले जाते, आणि मग ‘अनुदान घेणार नाही असे लिहून दिले होते, तर आता मागता कसे?’ हा प्रश्न भलत्याच शिक्षकांना ऐकावा लागतो.